आषाढात धुतलेले खुराडे: परसातल्या कोंबड्यांच्या सफाईचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उतारावरच्या वाडीतले हे घर. ओळख पटू नये म्हणून गाव आणि माणसे सांगितलेली नाहीत. परसात २६ कोंबड्या, २ कोंबडे आणि पाच आठवड्यांची १२ पिल्ले. कोंबड्यांपैकी १८ ग्रामप्रिया, बाकीच्या गावठी. रोजची अंडी १४-१५. निम्मी घरात खपत, निम्मी वाडीत विकली जात.

खुराडे १० फूट बाय ८ फुटांचे. खाली दोन फूट जांभ्याची भिंत, वर तारेची जाळी, डोक्यावर पत्रा, जमीन शेणाने सारवलेली. रात्री बसायला फाटक्या बांबूच्या दांड्या. दारासमोर जाळीने वेढलेले २० बाय १५ फुटांचे आवार आणि त्यात एक फणस. मार्चमध्ये दोन इंच भाताचे तूस अंथरले होते, पुढे लागेल तशी भर घातली होती. उन्हाळाभर काही बिघडले नाही. तूस कोरडे, वास नाही, आठवड्यातून एकदा खराट्याने वरखाली केले की झाले.

या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. झड आत येऊ नये म्हणून घरच्यांनी जूनमध्ये जाळीला चारही बाजूंनी प्लास्टिकची ताडपत्री बांधली. हा या प्रकरणातला पहिला निर्णय. त्या वेळी तो कोणालाच चुकीचा वाटला नाही.

अडचण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वास शेजारच्या पडवीपर्यंत पोहोचला. आत दांड्यांखाली तुसाची ओली, चिकट पोळी झाली होती. अंडी माखलेली निघू लागली. आवारात घोटाभर चिखल, आणि पाऊस उघडला की माश्या. शेजाऱ्यांनी बोलून दाखवले तेव्हा घरच्यांनी एका रविवारी मोठी सफाई काढली.

सगळे तूस बाहेर ओढून आवाराच्या कडेला ढीग घातला. पाइप लावून जमीन, भिंती, दांड्या धुतल्या. फिनेल टाकले. संध्याकाळी कोंबड्यांना आत घ्यायचे होते म्हणून ओल्या जमिनीवरच चुन्याची भुकटी भुरभुरली आणि त्यावर दोन इंच नवे तूस पसरले.

दोन दिवस वास गेला. तिसऱ्या दिवशी तो परत आला, या वेळी डोळे चुरचुरतील असा. सहाव्या दिवशी पिल्ले पिसे फुगवून कोपऱ्यात बसली आणि विष्ठेत रक्त दिसले. पुढच्या तीन दिवसांत चार पिल्ले मेली. कोंबड्यांची अंडी ७-८ वर आली. काही कोंबड्या रात्री दांडीवर बसायला तयार होईनात, अंधार पडला तरी दाराशी घुटमळत.

नेमके बिघडले कुठे

मोठी कोंबडी दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते आणि तिच्यात पाऊण हिस्सा पाणी असते. २८ मोठ्या पक्ष्यांचे धरले तर रोज साडेतीन किलो, म्हणजे अडीच लिटरहून जास्त पाणी जमिनीवर. उन्हाळ्यात ते तूस शोषते आणि हवा पळवून नेते. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, त्यात ताडपत्रीने वारा अडवला होता. त्यामुळे बिघाड धुण्याच्या आधीच सुरू झाला होता. धुण्याने तो वाढवला.

पिल्लांना झाली ती रक्ती हगवण. तिचे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधा करत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतात. पोटात गेल्यावर चार-पाच दिवसांनी रक्त दिसते. धुतल्याचा दिवस आणि रक्त दिसल्याचा दिवस यांतले सहा दिवसांचे अंतर या हिशेबात बरोबर बसते. त्यांचे कवच टणक असते, फिनेल आणि ब्लीचिंग पावडर यांना ते फारसे जुमानत नाहीत. त्यांना मारते ती कोरड आणि उष्णता. धुण्याने त्यांना नेमके हवे ते मिळाले. शिवाय जे कोपऱ्यात, पोळीखाली अडकून होते ते पाण्याबरोबर सगळ्या जमिनीवर पसरले.

मोठ्या कोंबड्यांना थोडी थोडी बाधा होत प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून त्या तगल्या. पाच आठवड्यांची पिल्ले त्याच जमिनीवर ठेवणे ही वेगळी चूक, आणि ती धुण्याच्या कितीतरी आधी झालेली.

चुन्याचे गणित उलटे पडले. विष्ठेतला नत्र अमोनियाच्या रूपात उडतो, आणि चुन्याने क्षारता वाढली की तो जास्त वेगाने उडतो. रिकाम्या, कोरड्या जमिनीवर चुना चांगला. ओल्या जमिनीवर, वर पक्षी आणि ताजी विष्ठा असताना टाकला की तिसऱ्या दिवशीचा तो चुरचुरणारा वास येतो.

आणि रात्रीची घुटमळ? दांडीखालून पांढरा कपडा फिरवला तर त्यावर लालसर रेघा उमटल्या. हे लाल माइट. गावात यांना सर्रास पिसवा म्हणतात, पण पिसू वेगळी. माइट दिवसा बांबूच्या भेगांत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही. पाइपचे पाणी त्या भेगांत पोहोचत नाही.

पर्याय

मेलेले पिल्लू घेऊन घरची मंडळी नवव्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी ते उघडले. आंधळे आतडे (सीकम) रक्ताने भरलेले होते, निदान पक्के झाले. मान वाकडी होणे, हिरवी हगवण, घरघर यांपैकी काही नसल्याने मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय उरला नाही. जाता जाता एक सांगायला हवे: मोठे पक्षी एकाएकी पटापट मरू लागले तर सफाईला हात लावू नये. मेलेले पक्षी उकिरड्यावर टाकू नयेत आणि आधी दवाखान्याला कळवावे.

खुराड्यापुढे चार वाटा होत्या. पुन्हा सगळे काढून धुवायचे, या वेळी चांगल्या जंतुनाशकाने. शेजारच्या पोल्ट्रीवाल्याचा सल्ला हाच होता. पण मोठ्या पोल्ट्रीत शेड रिकामी करून दहा-पंधरा दिवस वाळवता येते. इथे पक्ष्यांना जायला दुसरी जागा नव्हती आणि वाळायला ऊन नव्हते. दुसरी वाट म्हणजे आहे त्यावर कोरडे तूस घालत राहणे. तुसाची गादी निरोगी असती तर हेच केले असते, कारण जुन्या, मुरलेल्या गादीत विष्ठा कुजवणारे जिवाणू असतात आणि ती नव्या तुसापेक्षा ओल चांगली पेलते. ती मुरलेली गादी मात्र त्या रविवारीच बाहेर गेली होती. तिसरी वाट पक्षी विकून सप्टेंबरनंतर नव्याने सुरुवात करण्याची. आजारी कळप विकणे म्हणजे दुसऱ्याच्या दारात रोग सोडणे, म्हणून ती लगेच सोडली.

ठरली ती चौथी: पक्षी आठवडाभर पडवीत, आणि खुराड्याची पाण्याचा थेंब न वापरता कोरडी सफाई.

तुसाऐवजी काय घालता येईल यावरही बराच खल झाला. पातेरा, म्हणजे गळलेला पाला, फुकट, पण पावसाळ्यात आणलेला ओलाच असतो आणि आठ दिवसांत त्याचा चिखल होतो. काथ्याचा भुसा पाणी खूप धरतो आणि सोडत नाही, त्यामुळे वरून कोरडा दिसला तरी खाली ओला. लाकडाचा बारीक भुसा पिल्ले टिपतात. शेंगांची टरफले चांगली, पण बुरशी धरलेले पोते आले तर फुप्फुसांचा आजार ओढवतो. तूस भातगिरणीत मिळत होते, कोरडे होते, म्हणून तेच.

केलेली कामे

पहिल्याच दिवशी उरलेली ८ पिल्ले वेगळी काढून तारेच्या जाळीचा तळ असलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून दोन फूट उंच ठेवली. विष्ठा खाली पडते, पिल्लू तिच्यात चोच घालू शकत नाही. औषधाइतकेच महत्त्व याला आहे. डॉक्टरांनी अँप्रोलियमची २० टक्के पावडर दिली: लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, पिण्याचे दुसरे कोणतेही पाणी न ठेवता. नंतर आठवडाभर लिटरला ०.३ ग्रॅम. या काळात बी कॉम्प्लेक्सचे टॉनिक बंद ठेवायला सांगितले. अँप्रोलियम परजीवीला बी१ जीवनसत्त्व मिळू न देता काम करते, वरून तेच जीवनसत्त्व पाजले तर औषध फुकट जाते. अशक्त पिल्लांना टॉनिक द्यायची सवय घरोघरी असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मोठे पक्षी पडवीत डालग्यांखाली आणि जाळी लावून गेले. घरात कुरबुर झाली, पण जागा तीच होती.

खुराड्यातले तूस फावड्याने काढले. साधारण दोनशे किलो, १२-१३ घमेली. काम करताना नाकातोंडाला एन-९५ मास्क, हातमोजे आणि गमबूट. गमबूट केवळ चिखलासाठी नव्हेत. सांडलेल्या खाद्यावर उंदीर येतात आणि कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो, पायावर जखम असेल तर अनवाणी त्या चिखलात उतरू नये. नंतर वरून खाली या क्रमाने काम: आधी पत्र्याखालची जळमटे, मग जाळी तारेच्या ब्रशने, मग भिंती, शेवटी जमीन. सारवणाचा वरचा इंचभर थर खुरप्याने खरवडून काढला.

बांबूच्या दांड्या जाळून टाकल्या. त्यांच्या जागी दोन इंची लाकडी दांड्या, वरच्या कडा रंध्याने गोल केलेल्या, दोन्ही टोकांना खाचेत ठेवायच्या म्हणजे उचलून काढता येतात. खाचेत खाद्यतेलाचा हात. माइटला भिंतीकडून दांडीवर जायला हीच वाट असते, आणि तेलात ते गुदमरतात.

भिंती, जमीन आणि जाळीचे सांधे गॅसच्या बर्नरने शेकले. गच्चीवर डांबरी शीट चिकटवणाऱ्यांकडे असतो तो बर्नर, दिवसाच्या भाड्याने मिळाला. ज्योत एका जागी न थांबवता हळू सरकवायची. जळमटे आधी काढलेली हवीत, ताडपत्री आणि झावळ्यांची झापे दूर हवीत, दाराशी पाण्याच्या दोन बादल्या हव्यात. अंडी घालायच्या लाकडी खोक्यांवर मात्र ज्योत चालवली नाही, त्यांवर उकळते पाणी ओतून ती पडवीत वाळवली. पाण्याची एवढीच सूट घेतली. मग डॉक्टरांनी लिहून दिलेले कीटकनाशक भेगांत फवारले, पक्षी बाहेर असताना, आणि सातव्या व चौदाव्या दिवशी पुन्हा. ऊबदार हवेत माइटची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते आणि त्यांच्या अंड्यांवर फवारणीचा परिणाम होत नाही, म्हणून एकदाच फवारून थांबण्यात अर्थ नसतो.

आता जमीन वाळवायची होती. कोळशाची शेगडी ठेवायची कल्पना आग आणि विषारी धूर यांमुळे बाजूला पडली. उभा पंखा दोन दिवस लावला. वरून जमीन कोरडी दिसली. तरी घाई न करता एक साधी परीक्षा केली: दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून कडा मातीने दाबल्या आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी प्लास्टिकच्या खालच्या अंगाला टिपूस जमलेले. म्हणजे पाणी खालून येत होते.

या प्रकरणाला वळण मिळाले ते इथे. सगळे जण छप्पर, झड आणि विष्ठा यांकडे बघत होते, आणि उतारावरून येणारे पाणी मागच्या जांभ्याच्या भिंतीखालून जमिनीत मुरत होते. कितीही तूस बदलले असते तरी ते खालून भिजतच राहिले असते. मागच्या बाजूला एक फूट रुंद, सव्वा फूट खोल चर खणला. कोबा भर पावसात घालायचा नाही असे ठरले, कारण खालची माती पाणी प्यायलेली असताना घातलेला कोबा पुढे खचतो. तात्पुरते म्हणून जमिनीवर जाड प्लास्टिक, भिंतीला चार इंच वर वळवून, आणि त्यावर चार इंच कोरडे तूस. सहा पोती लागली. भिंतींना चुन्याची सफेदी देऊन ती वाळल्यावरच पक्षी आत घेतले.

ताडपत्री काढली. पश्चिमेला पत्रा अडीच फूट पुढे वाढवून पागोळ्यांसाठी पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ केली. झडीच्या बाजूला झापे बांधली, पण सगळ्या बाजूंनी वरचा एक फूट उघडा सोडला. ओली, गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

दांड्यांखाली आठ इंच अंतरावर पत्रा ठोकलेली फळी बसवली. जवळजवळ निम्मी विष्ठा रात्री एकाच जागी पडते, ती तुसात मिसळूच द्यायची नाही. रोज सकाळी पत्र्याच्या पट्टीने खरवडायला पाच मिनिटे लागतात. पाण्याची भांडी कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर, जाळीच्या चौकटीवर ठेवली आणि चौकटीखाली तसराळे. रोजच्या सात-आठ लिटरांतले सांडते ते तुसात न जाता तसराळ्यात पडते.

आवाराचे काम मर्यादित ठेवले. सगळा चिखल काढणे शक्य नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. चिखल आत येतो तो दारासमोरच्या चार पावलांतून. तेवढ्या जागेतला दोन इंच थर काढून नारळाची सोडणे पालथी मांडली, त्यावर जांभ्याची खडी, वर पत्र्याचा तुकडा. उरलेल्या आवाराचे दोन भाग करून आलटून पालटून तीन-तीन आठवडे मोकळे ठेवले. पिल्लांना तिथे मज्जाव. परजीवी ओलसर मातीत महिनोन्‌महिने टिकतात.

बाहेरचा ढीग आवाराच्या कडेला उघडाच होता आणि पावसाने त्याचे काळे पाणी परत आवारात येत होते. तो विहिरीपासून साठ फूट दूर, खालच्या अंगाला नेला. एक घमेले कोंबडखताला दोन घमेली पातेरा, साडेतीन फूट उंच रचून वर ताडपत्री. हात घातला तर चटका बसेल इतका तो चौथ्या दिवशी तापला. त्या उष्णतेत परजीवी आणि माश्यांच्या अळ्या मरतात. ढीग तीन वेळा पालटला, म्हणजे कडेचेही आत जाते. ताजे कोंबडखत माडाच्या बुंध्याशी टाकले तर मुळे जळतात, म्हणून मुरायला तीन महिने दिले.

परिणाम

पक्षी आत घेतल्यावर वास परतला नाही. तो तपासायची पद्धत: सकाळी दार उघडल्याबरोबर आत जाऊन उकिडवे बसायचे आणि कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्यायचा. उभ्या माणसाला जो वास सौम्य वाटतो तो खाली बराच तीव्र असतो, आणि पाच मिनिटांत नाक सरावते. तुसाची परीक्षा मुठीत दाबून: लाडू वळला आणि मूठ उघडल्यावर फुटला तर ठीक, तसाच राहिला तर ओले.

८ पिल्लांपैकी आणखी एक मेले, सात जगली. त्यांची वाढ मागे पडली ती पडलीच. अंडी पाच आठवड्यांत १३ वर आली. खर्च नऊ हजारांच्या आत राहिला, त्यात सर्वांत मोठा वाटा पत्रा आणि लाकडाचा, औषधाचा सर्वांत लहान.

माश्या कमी झाल्या. शेजाऱ्यांची तक्रार मात्र संपली नाही, विषय बदलला: चराचे पाणी त्यांच्या कुंपणाशी साचू लागले. चर पुढे वीस फूट वाढवून रस्त्याकडेच्या गटारात सोडावा लागला. खणण्यापूर्वी पाणी जाणार कुठे हे बघितले असते तर दोन दिवसांची मजुरी वाचली असती.

वेगळे काय करता आले असते

पाण्याने धुण्याची वेळ मेच्या पहिल्या पंधरवड्यात होती. मृगाच्या आधी, कडक उन्हात, लिटरभर गरम पाण्याला ४० ग्रॅम धुण्याचा सोडा घेऊन घासले असते आणि खुराडे आठ-दहा दिवस रिकामे तापू दिले असते, तर जूनमध्ये गादी कोरडी आणि मुरायच्या बेतात असती. त्या काळात रात्री कोंबड्या झाडाखाली जाळीत ठेवणे सोपे असते. जुलैत पडवी रिकामी करावी लागली, ते मेमध्ये करावे लागले नसते.

त्या रविवारी तरी काय करायला हवे होते? वास येत होता तो दांड्यांखालच्या आणि पाण्याच्या भांड्याजवळच्या ओल्या पोळीतून. तेवढीच काढून कोरडे तूस भरले असते आणि ताडपत्रीचा वरचा फूटभर सोडला असता, तर पाऊण तासाचे काम होते. उरलेले तूस तोवर वाईट नव्हते. ‘सगळे काढून स्वच्छ करू’ हा उत्साह इथे महाग पडला. फिनेलनंतर कोणीतरी ब्लीचिंग पावडर सुचवली होती ती घरात नव्हती, हे नशीब. अमोनिया धरलेल्या ओल्या विष्ठेवर ती पडली की घसा धरणारा वायू निघतो.

रक्त दिसल्यावर दवाखान्यात जायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत चार पिल्ले गेली. पहिल्याच दिवशी विष्ठा दाखवली असती तर त्यातली काही वाचण्याचा संभव होता. या हगवणीत औषधाला फार थोडा अवधी असतो.

आणि पिल्ले. फेब्रुवारीत खुडूक बसवली असती तर पावसाळ्याच्या तोंडावर ती तीन महिन्यांची, कोरड्या दिवसांत थोडी थोडी बाधा पचवलेली झाली असती. जूनच्या सुरुवातीला फुटलेली अंडी म्हणजे सर्वांत कोवळे वय नेमके सर्वांत ओल्या महिन्यात.

सप्टेंबरात पांढऱ्या कपड्यावर पुन्हा दोन रेघा उमटल्या. शोधल्यावर माइट अंड्यांच्या खोक्याच्या खिळ्याशेजारच्या सांध्यात निघाले. उकळते पाणी आतून ओतले होते, मागच्या बाजूला खोके भिंतीला टेकते तिथे ओतायचे राहिले होते. खोके भिंतीपासून दोन इंच सुटे केले. कोबा नोव्हेंबरात घालायचा ठरला आहे, दाराकडे दर चार फुटांना एक इंच उतार देऊन.